कुंदाताईंचा मुरलेला राग

माफ करणारी माणसं चांगली असतात, यात वाद नाही. पण त्यांच्याविषयी लिहायला बसलं की दोन परिच्छेदांत सगळं आटपतं. कुंदाताई वर्तकांविषयी मी लिहितेय याचं कारण असं की माझ्या माहितीत त्यांनी कधीही, कुणालाही, कशासाठीही माफ केलं नाही.

पेंडल हिल स्टेशनजवळच्या दुकानदाराची गोष्ट सिडनीच्या पश्चिमेला, टूनगॅबीतल्या बहुतेक मराठी घरांना माहीत आहे. कुंदाताई भेंडी घेत होत्या. आपण घेतो तशीच, शेंडा मोडून बघत. दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "आंटी, तोडना मना है. ये इंडिया नहीं है." कुंदाताईंनी भरलेली बास्केट तिथेच जमिनीवर ठेवली आणि बाहेर पडल्या. त्यानंतर भाजी कायम शेजारच्या दुकानातून. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. कुंदाताई मात्र शेजारून घेतलेली पिशवी हातात धरून याच्या दारासमोर यायच्या, तो वर बघेपर्यंत उभ्या राहायच्या, पिशवीतली एक भेंडी काढून तिचा शेंडा टक्कन मोडायच्या आणि मग चालायला लागायच्या. लॉकडाऊनमध्ये दुकानांबाहेर अंतर राखून रांगा लागल्या, तेव्हासुद्धा मास्क लावून हा कार्यक्रम चालू होता. मी एकदा म्हटलं, "ताई, तो विसरलाही असेल हो."

"म्हणून तर आठवण करून द्यावी लागते," त्या म्हणाल्या.

आम्ही एकाच टाउनहाउसच्या आवारात राहायचो आणि एकाच सरकारी प्राथमिक शाळेत कामाला होतो. त्या शिक्षिका, मी वर्गातली मदतनीस. कात्र्या वाटायच्या, नाकं पुसायची, मागे पडलेल्या मुलाशेजारी बसून त्याला धीर द्यायचा, हे माझं काम. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे पुण्याहून आले तेव्हा असलं काही करेन असं वाटलं नव्हतं. पण कुंदाताईंच्या वर्गात काम करायला मिळालं आणि मी तक्रार करणं सोडून दिलं.

बुटक्या, काटक, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पंजाबी ड्रेसवर शाळेचं निळं जॅकेट. स्टाफरूममध्ये कुणीतरी त्यांच्या डब्यातल्या लसणीच्या चटणीवर नाक मुरडलं होतं, तेव्हापासून त्या रोज लसणीची चटणी आणायच्या. खरं तर त्यांना ॲसिडिटी होती. चटणीला त्या हातही लावायच्या नाहीत. डबा नुसता उघडा ठेवायच्या. "मी काही विसरत नाही गं," त्या म्हणायच्या. "मुरू देते."

शिकवायच्या कशा, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पहिलीच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायचं म्हणजे त्यांच्या मते एकच रस्ता होता. आधी प्रत्येक अक्षराचा आवाज, मग दोन आवाज जोडायचे, मग तीन. सकाळी वर्गात नुसता गजर चालायचा. लेबनीज, फिलिपिनो, तमिळ, आपली, सगळी मुलं एका सुरात. वर्षाच्या मध्यावर ही मुलं दिसेल ते वाचत सुटायची. एक मुलगी आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना खालपर्यंत वाचून काढायची आणि मगच डबा खायला जायची.

ट्रेसीला हा गजर सहन व्हायचा नाही. ट्रेसी आमची डेप्युटी, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालोखाल, आणि शाळेचं सगळं इंग्रजी तिच्या ताब्यात. उंच, हसतमुख, मऊ आवाजाची. ती वाईट बाई होती असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी माझं काही बिघडत नाही. तिची पद्धत वेगळी होती. मुलांना चित्रांची पुस्तकं द्यायची, रंगीत खोक्यांत पायरीपायरीने लावलेली. शब्द अडला की चित्राकडे बघ, पहिलं अक्षर बघ, आणि अंदाज कर. मुलं भराभर पायऱ्या चढायची, आईबाप खूश व्हायचे, ट्रेसी सभांमध्ये त्या पायऱ्यांचे तक्ते दाखवायची.

महामारीच्या आदल्या वर्षी एका स्टाफ मीटिंगमध्ये पुढच्या वर्गांची वाटणी चालू होती. कुंदाताईंचं नाव आलं तेव्हा ट्रेसी त्याच मऊ आवाजात म्हणाली, "कुंदाच्या उच्चारांनी मुलांच्या कानावर चुकीचे आवाज बसतील. तिला वाचनाचा वर्ग नको देऊ या. ती इथे रुळेपर्यंत फोटोकॉपी करू दे, त्या ती छान करते." सगळे हसले. हसण्यासारखं होतं असं त्यांना वाटलं असणार. कुंदाताईंना तेव्हा सिडनीत येऊन वीसेक वर्षं झाली होती. मी मागच्या रांगेत बसून मराठीत एक शब्द उच्चारला, तो इथे लिहिता येणार नाही.

 नव्या वर्षी कुंदाताईंचा वर्ग गेला. इतर शिक्षकांना तासभर सुटी हवी असली की तिथे जाऊन बसायचं, लायब्ररीत लक्ष ठेवायचं आणि फोटोकॉपी काढायच्या, हे त्यांचं काम झालं. फोटोकॉपीच्या खोलीत एकदा मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही दुसरीकडे का नाही जात? तुम्हाला कोणीही घेईल."

"मला दुसरीकडचा नको, माझाच वर्ग परत हवाय," त्या म्हणाल्या. "आणि तिने तो मला स्वतःहून द्यायला हवा. सगळ्यांसमोर." बोलताना त्यांचा हात यंत्राच्या झाकणावर होता. मग त्यांनी ट्रेसीच्या पुस्तकांच्या पन्नासेक पानांचा गठ्ठा उचलला, कडा ठोकून सरळ केला आणि हसून तिला नेऊन दिला. त्या दिवसापासून त्या ट्रेसीशी फार गोड वागायला लागल्या. मला भीती वाटली ती तेव्हा.

मग महामारी आली. पहिल्या वर्षी शाळेचं थोडक्यात निभावलं. दुसऱ्या वर्षी मात्र आमच्या पश्चिमेकडच्या भागांना असं काही जखडून टाकलं की बोलायची सोय नाही. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर, आणि टीव्हीवर मात्र समुद्राकाठची मंडळी उन्हात पडलेली. ट्रेसी तिकडचीच. झूमवर तिच्या मागे खिडकी दिसायची आणि खिडकीत खरा समुद्र. ती म्हणायची, "आपण सगळे यात एकत्र आहोत." कुंदाताई आवाज बंद ठेवून, शेजारी माझ्या खिडकीत ऐकू येईल असं म्हणायच्या, "हो गं बाई, तू वाळूत आणि आम्ही गोठ्यात."

आमच्या कुंपणापलीकडे केतकी राहायची. तिची मुलगी इरा आमच्याच शाळेत पहिलीत, ट्रेसीच्या पद्धतीने शिकणारी. केतकीला त्या पायऱ्यांचा भारी अभिमान. आमच्या मराठी आईबापांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर शाळेच्या वाचनाच्या पुस्तकांचे फोटो फिरायचे. वरच्या पायरीचं पुस्तक मुलाला मिळायच्या आधीच घरात तयारी. आणि आपल्याकडे तयारी म्हणजे काय, तर पाठांतर. रोज संध्याकाळी परवचा म्हटल्यासारखं पुस्तक म्हणून घ्यायचं. केतकीला त्यात काही गैर वाटायचं नाही, तीही लहानपणी असंच शिकली होती.

एका दुपारी इरा अंगणात पुस्तक घेऊन उभी राहून धडाधड वाचत होती. आई कौतुकाने बघत होती, मी इकडून बघत होते, आणि कुंदाताई त्यांच्या दारात चहा पीत होत्या. इराने पान उलटलं. चुकून दोन पानं एकदम उलटली गेली. ती मात्र मधल्या पानावरचं वाक्य तोंडाने म्हणून मोकळी झाली.

कुंदाताईंनी कप खाली ठेवला. घरातून एक स्टीलची वाटी आणली, सॅनिटायझरने पुसली आणि कुंपणावरून केतकीच्या हातात दिली. "चित्रावर ठेव ही."

"कशाला हो?"

"ठेव तर."

केतकीने वाटी पालथी घातली. चित्र झाकलं गेलं, खालची ओळ उरली. ओळीत होते चार शब्द. इरा त्या ओळीकडे बघत राहिली. मग वाटीकडे बघितलं, मग आईकडे.

"वाच ना, बेटा. आत्ता तर वाचलंस," केतकी म्हणाली.

"दॅट्स नॉट फेअर!" इरा रडकुंडीला आली. "शी हिड द आन्सर!"

केतकीचा चेहरा उतरला. आयटीवाली बाई, चुका शोधण्यावर पोट तिचं. तिने दुसरं पान काढलं, तिसरं काढलं, प्रत्येकावर वाटी ठेवली. इराला एकही ओळ येईना. "पण ताई, ही वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे! ट्रेसीने मला मेल केलाय तसा!"

कुंदाताई हसल्या नाहीत. हसतील असं मला वाटलं होतं. त्या कुंपणाची फळी घट्ट धरून उभ्या होत्या. "ही माझ्या वर्गात आली असती," त्या म्हणाल्या. "वर्ग गेला नसता, तर हिला मीच शिकवलं असतं." तोवर मला वाटत होतं की त्यांचा राग त्या एका वाक्याचा आहे, उच्चारांवरून मारलेल्या टोमण्याचा. तसा तो होताच, त्यांनी तो कधी नाकारला नाही. पण त्या दिवशी त्या रागाला एक मुलगी मिळाली. मग काय, दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी कुंपणाच्या अल्याड-पल्याड शिकवणी सुरू झाली. केतकी घरी सराव घेताना बी म्हणजे 'ब' असं शिकवायची, त्यावर कुंदाताई इकडून ओरडायच्या, "अगं, पाय मोड त्याचा! ब् म्हण, ब् !" हेलिकॉप्टरच्या घरघरीतही त्यांचा आवाज ऐकू यायचा.

आणि नेमका त्याच सुमारास राज्याचा इंग्रजीचा नवा अभ्यासक्रम आला. लहान वर्गांसाठी त्यात स्वच्छ लिहिलं होतं: आधी आवाज, मग जोडणी, आणि मुलांना शिकवलेल्या आवाजांतून वाचता येतील अशीच पुस्तकं. चित्रावरून अंदाज बांधायला जागाच नव्हती. कुंदाताईंनी तो मोबाइलवर उघडला आणि मला कुंपणावरून मोठ्याने वाचून दाखवला. परीक्षेचा निकाल वाचावा तशा वाचत होत्या.

आता शाळेला आपलं शिकवणं या अभ्यासक्रमाशी जुळवायचं होतं. म्हणजे डावीकडे राज्याची अपेक्षा लिहायची आणि उजवीकडे वर्गात आम्ही काय करतो ते, आठवड्याआठवड्याचं. हे काम अर्थात ट्रेसीकडे. तिने डावीकडचं उतरवून घेतलं आणि उजवीकडे आपलंच जुनं सगळं नव्या शब्दांत घातलं. नुसती कल्हई. मुख्याध्यापक ग्रेग, एरवी कशातच न पडणारा माणूस, त्यालाही ते पटलं नाही. तसे धडे शाळेत कुणाकडेच नव्हते. कुंदाताईंकडे मात्र कितीतरी वर्षांचे होते.

ट्रेसीचा फोन आला तेव्हा मी अंगणात होते. कुंदाताईंनी स्पीकर लावला आणि बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. ट्रेसी खूप गोड बोलली. तुझे जुने धडे पाठवशील का, आपण सगळे एक टीम आहोत वगैरे. माफीचा शब्द नाही. बहुधा तिला तो प्रसंग आठवतही नसावा.

"पाठवून काय समजणार, ट्रेसी?" कुंदाताई म्हणाल्या. "मी सगळ्या स्टाफला करून दाखवते. झूमवर. मला थोडा वेळ दे फक्त."

"यू आर अ स्टार," ट्रेसी म्हणाली.

फोन ठेवून कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे इतके आनंदी मी कधी पाहिले नव्हते.

मीटिंगला सगळा स्टाफ होता. कुंदाताई साडी नेसून बसल्या होत्या, गडद जांभळी, काठाची. म्हणाल्या, धडे दाखवण्याआधी आपण मुलं होऊन बघू या. वाचनात सगळ्यात तरबेज कोण, तर ट्रेसी. तेव्हा ट्रेसी, तू वाचून दाखव. आणि त्यांनी पडद्यावर एक पान आणलं. वर चित्र: तळं, लाल चेंडू हातात घेतलेला मुलगा, शेपटी हलवणारा कुत्रा. खाली ठसठशीत अक्षरांत तीन ओळी मराठी.

त्या झूमवर मराठी वाचता येणारी दोनच माणसं होती. एक कुंदाताई आणि दुसरी मी. मी पहिली ओळ वाचली आणि घाईघाईने कॅमेरा बंद केला.

"तुझी युक्ती वापर," कुंदाताई मायेने म्हणाल्या. "चित्र बघ. काय जुळेल याचा विचार कर. घाबरू नकोस."

ट्रेसी हसली, पुढे वाकली, खेळकरपणे बोट नाचवू लागली. "ओके... द बॉय... हॅज अ रेड बॉल. ही थ्रोज द बॉल टू द डॉग." मग जरा विचार करून, "अँड द डॉग जम्प्स इनटू द पाँड!" सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. कुणीतरी अंगठा दाखवला. मी तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

"वा! फार छान अंदाज," कुंदाताई म्हणाल्या. "आत्मविश्वासही उत्तम. ट्रेसी, तुझ्या पद्धतीने मी तुला वरच्या पायरीवर ढकललं असतं. आता मी वाचते." आणि एकेका शब्दावर बोट ठेवत, आधी मराठीत, मग इंग्रजीत, कसलीही घाई न करता त्यांनी वाचलं:

"'कुंदाच्या उच्चारांनी मुलांच्या कानावर चुकीचे आवाज बसतील. तिला वाचनाचा वर्ग नको देऊ या. ती इथे रुळेपर्यंत फोटोकॉपी करू दे.'"

पडद्यावरचे सगळे चौकोन गोठले. आधी मला वाटलं इंटरनेट गेलं. पण ट्रेसीच्या मागच्या खिडकीत समुद्र हलत होता.

"चित्र आणि मजकूर यांचा काही संबंध नव्हता," कुंदाताई म्हणाल्या. "मुलांना पुढे आयुष्यात भेटतं ते बहुतेक असंच असतं. आता धडे दाखवते." आणि त्यांनी खरोखर दाखवले. राज्याची एकेक अपेक्षा, तिच्यासमोर एकेक धडा, कुठला आवाज कधी, कुठलं पुस्तक कशानंतर. एकाही जागी भोक नव्हतं. ट्रेसीचा चौकोन काळा झाला होता, नाव तेवढं पांढऱ्या अक्षरांत. ग्रेग दोन-तीनदा खाकरला आणि शेवटी म्हणाला, "थँक यू, कुंदा. हे असंच करू या."

मला काय वाटलं ते सांगते. मला अतोनात आनंद झाला. हेलिकॉप्टरचा, पाच किलोमीटरचा, वाळूत पडलेल्या लोकांचा, माझ्या नावाचे तुकडे करणाऱ्या सगळ्या हजेऱ्यांचा राग त्या एका पानात फिटल्यासारखा वाटला. रात्रीच्या स्वयंपाकात मी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, सण आहे.

तक्रार करायची तरी ट्रेसी कशाची करणार होती? वाक्य तिचंच होतं. शाळा उघडायची वेळ आली तेव्हा, पहिलीचा वर्ग कुंदाने घ्यावा, असं तिला साऱ्या स्टाफसमोर सुचवावं लागलं. कुंदाताई म्हणाल्या, विचार करून सांगते. सगळा शनिवार-रविवार त्यांनी तिला टांगून ठेवलं आणि सोमवारी होकार कळवला, एक अट घालून. नवी पद्धत सगळ्यांनी वर्गात बसून बघायची. सुरुवात डेप्युटीपासून.

पुढे आम्ही स्कोफिल्ड्सला घर घेतलं, मी तिकडच्या शाळेत लागले आणि आमच्या भेटी सुटल्या. म्हणून कुंदाताई म्हटलं की मला आठवतो तो शाळा उघडल्यानंतरचा त्यांचा वर्ग. लहान मुलं आधी परत आली होती. खिडक्या सगळ्या उघड्या, मोठ्यांच्या तोंडावर मास्क, पण आवाज शिकवताना शिक्षकांनी मास्क काढला तर चालायचं. मी मागच्या टेबलावर कागद कापत होते. इरा पुढच्या रांगेत. ट्रेसी भिंतीलगत मुलांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले.

"ट्रेसी," कुंदाताई म्हणाल्या, "पुढे ये. मास्क काढ, म्हणजे मुलांना तोंड दिसेल. हे पुस्तक वाचून दाखव. शब्दाखाली बोट धरून."

ट्रेसी उठली. छोटंसं पुस्तक, पानाला एक ओळ, चित्र नाही. तिने शब्दाखाली बोट धरलं, एकेक आवाज सुटा केला, जोडला, आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. मी नीट ऐकत होते. एकही चूक नव्हती. जुळवणी, आवाज, बोट, सगळं कुंदाताईंना हवं तसं.

"अगेन," कुंदाताई म्हणाल्या.

तिने पुन्हा वाचलं. पुन्हा बिनचूक. तिच्या गळ्यावर लाली चढत चालली होती.

"अगेन, प्लीज."

तिसऱ्यांदा वाचताना ट्रेसीचा आवाज थोडा कापला. इराने हात वर केला आणि परवानगीची वाट न बघता म्हणाली, "मिसेस वर्तक, बट शी रेड इट राइट! शी रेड इट राइट द फर्स्ट टाइम!"

"आय नो, डार्लिंग," कुंदाताई म्हणाल्या. "हात खाली घे." मग त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली, तिच्यात नीट टेकून बसल्या आणि पुस्तकाचं पहिलं पान पुन्हा उघडून ट्रेसीसमोर धरलं.